दाणा, मास्टरबॅच आणि वजनकाटा: गोव्यातल्या प्लास्टिक युनिटांना पडणारे नेहमीचे प्रश्न

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तिवीम, बेतोडा अशा औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम युनिटांत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. झाकणं, बाटल्या, मासळीचे क्रेट, पाइप, फिल्म, खुर्च्या असा कुठलाही माल असला तरी रंग, वजन किंवा ताकदीची तक्रार आली की सगळे आधी मोल्डकडे (साच्याकडे) आणि मशीनच्या तापमानाकडे धावतात. हॉपरमध्ये (मशीनवरच्या कच्चा माल भरायच्या पेटीत) काय आणि किती पडलं हे बघायला कोणी शिडी चढत नाही. म्हणून इथली बहुतेक उत्तरं हॉपरपाशीच घुटमळणार आहेत. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, आणि मास्टरबॅच म्हणजे त्यात थोड्या प्रमाणात मिसळायचे, रंग किंवा इतर घटक ठासून भरलेले दाणे.

डोसिंग वेगळं आणि मिक्सिंग वेगळं का म्हणतात?

डोसिंग म्हणजे ठरलेला घटक ठरलेल्या प्रमाणात सोडणं. मिक्सिंग म्हणजे सोडलेला माल एकसारखा पसरवणं. दोन्ही बिघडू शकतात, आणि बिघाडाची लक्षणं वेगळी दिसतात. शिफ्टभर सगळा माल एकसारखा फिका किंवा गडद येत असेल तर डोस चुकलाय. एकाच पीसवर पट्टे, ढग, ठिपके असतील, किंवा एक पीस गडद आणि पुढचा फिका निघत असेल, तर मिक्सिंग तपासा. ही विभागणी दर वेळी अचूक लागू पडत नाही, पण तपास कुठून सुरू करायचा हे तिच्यामुळे ठरतं.

आमचा हेल्पर पोत्यात मगाने मास्टरबॅच टाकून घमेल्यात हाताने कालवतो. वर्षानुवर्षं चाललंय. बिघडतं काय?

काळ्या रंगाच्या बादल्या काढत असाल तर फारसं काही बिघडत नाही, फक्त मास्टरबॅच जास्त जातं. माल फिका आला तर ओरडा बसतो, गडद आला तर कोणी बोलत नाही. त्यामुळे हेल्परचा मग दिवसेंदिवस शिगोशीग भरत जातो. खरी अडचण मग या मापाचीच आहे. ७० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या पांढऱ्या मास्टरबॅचची घनता २ च्या आसपास असते, आणि ४० टक्के कार्बन ब्लॅक असलेल्या काळ्याची सव्वाच्याही आत. म्हणजे मग तोच, पण पांढऱ्याचा मग काळ्याच्या जवळजवळ पावणेदोनपट वजनाचा. पुरवठादार बदलला, दाण्याचा आकार बदलला, की पुन्हा वेगळं वजन.

मशीन लगेच घ्यायचं नसेल तर निदान एक साधा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि २५ किलोच्या पोत्याला लागणाऱ्या मास्टरबॅचच्या पुड्या आधीच तोलून ठेवा. २ टक्क्यांना ५०० ग्रॅमची पुडी. सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी एका माणसाचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि अंदाजपंचे दाहोदरसे कारभार तिथेच थांबतो.

२ टक्के म्हणजे ९८ किलो दाण्यात २ किलो, की १०० किलोत २ किलो?

२ टक्क्यांना फरक नगण्य आहे. पण २० टक्के फिलर (भरीचा माल) म्हटलं की एका हिशेबात ८० किलोला २० किलो पडतं, दुसऱ्यात १०० किलोला २०, म्हणजे प्रत्यक्षात १६.७ टक्के. पीव्हीसीवाले सगळं ‘शंभर भाग रेझीनवर (मूळ प्लास्टिकवर) इतके भाग’ असं मोजतात, मोल्डिंगवाले एकूण मालावर मोजतात, आणि डोसरचा (डोस सोडणाऱ्या यंत्राचा) पडदा तिसऱ्याच पद्धतीने मोजत असू शकतो. कुठली पद्धत चांगली हा वाद घालू नका. रेसिपीच्या कागदावर तेवढं स्पष्ट लिहा.

व्हॉल्युमेट्रिक डोसर घ्यावा की ग्रॅव्हिमेट्रिक?

व्हॉल्युमेट्रिक म्हणजे स्क्रू किंवा फिरती चकती ठरावीक घनफळ सोडते. त्याला वजन कळत नाही. ग्रॅव्हिमेट्रिक लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) तोलून सोडतो. यात दोन जाती आहेत. एकात प्रत्येक घटक एकामागून एक वजनाच्या डब्यात पडतो, बॅच पुरी झाली की खालच्या मिक्सरमध्ये ओतली जाते. याला बॅच ब्लेंडर म्हणतात. दुसऱ्यात घटकाचा हॉपरच काट्यावर टांगलेला असतो आणि त्याचं वजन सेकंदागणिक किती घटतंय त्यावरून स्क्रूचा वेग कमी-जास्त होतो. पाइप, फिल्म, केबल अशा अखंड चालणाऱ्या लाइनला ही दुसरी जात शोभते.

माझं मत विचाराल तर: एकच रंग, एकच पुरवठादार आणि महिनोन्‌महिने तोच मोल्ड असेल तर चांगला व्हॉल्युमेट्रिक पुरतो. दिवसाला दोन-तीन रंग बदलत असतील, रिग्राइंड (दळून परत वापरलेला टाकाऊ माल) जात असेल, किंवा चार घटक एकत्र करायचे असतील तर ग्रॅव्हिमेट्रिकशिवाय निभाव नाही. रिग्राइंडचं घनफळ तर रोज वेगळं: जाळी नवी असताना बारीक पडतं, पाती बोथट झाली की लांबट चिंध्या पडतात.

एक सावधगिरी. लोडसेलवाला ब्लेंडर थेट मशीनच्या गळ्यावर (माल आत शिरतो त्या तोंडावर) बसवला आणि मोल्ड बंद होताना सगळा सांगाडा हादरत असेल, तर काटाही हादरतो. बरे कंट्रोलर हे हेलकावे गाळून वाचन घेतात, पण वायरी ताणलेल्या, कन्व्हेइंगचा (माल हवेने ओढून आणणारा) जाड होज वजनाच्या डब्याला टेकलेला, असं असेल तर कंट्रोलर तरी काय करणार? महागडा ब्लेंडर घेऊन त्याच्यावर चिंधीने होज बांधलेला अनेकदा दिसतो.

स्क्रू डोसर कॅलिब्रेट कसा करायचा?

मासळीचा क्रेट घेऊ. समजा शॉटचं (मोल्डमध्ये एका वेळी भरल्या जाणाऱ्या मालाचं) वजन १,८०० ग्रॅम आहे आणि मास्टरबॅच २ टक्के हवं. म्हणजे शॉटला ३६ ग्रॅम. मशीनचा स्क्रू माल भरत मागे यायला १८ सेकंद घेतो. डोसर तेवढ्याच वेळात चालणार. तर सेकंदाला २ ग्रॅम, मिनिटाला १२० ग्रॅम हवेत.

आता डोसरचं तोंड सोडवून खाली पिशवी धरा, मिनिटाला १०० फेऱ्यांवर ३० सेकंद चालवा आणि पिशवी तोला. ७५ ग्रॅम पडले तर मिनिटाला १५०. आपल्याला १२० हवेत, म्हणून फेऱ्या ८०. मग ८० वर पुन्हा तीनदा तोलून बघा, कारण फार कमी वेगात स्क्रू सरळ हिशेबाने वागत नाही. एकेक मळसूत्र रिकामं होताना माल ठिपकत पडतो. वेग तळाशी जात असेल तर बारीक व्यासाचा स्क्रू लावा.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली, शॉटच्या वजनात रनर (मोल्डमधल्या वाहिनीत गोठणारा माल) धरायचा. दुसरी, बॅक प्रेशर (मशीनचा स्क्रू मागे येताना त्याच्यावरचा उलटा दाब) वाढवलं की स्क्रू मागे यायचा वेळ वाढतो, आणि डोसर बिचारा तेवढा जास्त वेळ चालतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरने प्रेशर वाढवलं आणि सकाळी रंग गडद झाला तर त्यात भुताटकी नाही.

ब्लेंडरमध्ये छान मिसळलेला माल मशीनपर्यंत जाईतो वेगळा का होतो?

चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि मसाला तळाला आणि पोहे वर, तसंच. आकार, घनता आणि गुळगुळीतपणा वेगळा असलेले कण हलवले, ओतले किंवा हवेने ओढले की आपापला कळप करतात. शंकूच्या ढिगात बारीक माल मध्ये राहतो, जाडा कडेला घरंगळतो. हॉपर रिकामा होताना आधी मधला भाग उतरतो आणि शेवटी कडेचा. म्हणून हॉपर तळाला आला की रंग बदलतो.

उपाय साधा आहे: मिसळल्यावर मालाचा प्रवास कमी ठेवा. ब्लेंडर शक्यतो मशीनच्या गळ्यावरच बसवा. तो जमिनीवर ठेवून वीस फूट होजमधून मिश्रण ओढत असाल तर मिक्सिंगवर केलेला खर्च होजमध्येच गेला असं समजा. मशीनच्या हॉपरात मालाची पातळी खाली-वर नाचू न देता एकसारखी ठेवा. ड्रम टंबलरमध्येही जास्त फिरवलं म्हणजे जास्त चांगलं मिसळलं, असं नसतं. ड्रम निम्म्याहून थोडा जास्त भरून दहा-पंधरा मिनिटं फिरवणं बहुधा पुरतं. त्यापुढे दाणे घासून भुकटी आणि स्थिर वीज वाढते. ड्रम काठोकाठ भरला तर माल नुसता गोल फिरतो, मिसळत नाही.

औषधाच्या बाटल्यांची छोटी झाकणं एकसारख्या रंगाची येत नाहीत. डोसर तपासला, बरोबर आहे. मग?

गोव्यात औषध कंपन्यांमुळे हा प्रश्न जास्त येतो. दाण्यांची संख्या मोजा. मास्टरबॅचचा नेहमीचा एक दाणा साधारण २५ मिलिग्रॅमचा. २ ग्रॅमच्या झाकणाला २ टक्के म्हणजे ४० मिलिग्रॅम, म्हणजे झाकणामागे दीड दाणा! १६ कॅव्हिटीचा (एका वेळी १६ झाकणं काढणारा) मोल्ड असेल तर शॉटला साधारण पंचवीस दाणे होतात. पंचवीसात चार-पाच दाणे इकडे-तिकडे होणं हे निव्वळ योगायोगानेही होतं, डोसर कितीही अचूक असो. बॅरलमध्ये (स्क्रूभोवतीच्या गरम नळीत) काही शॉटांचा माल एकदम असतो म्हणून थोडी सरासरी होते, पण डोळ्याला फरक दिसायला तेवढा पुरेसा असतो.

यावर पुरवठादाराकडून बारीक दाण्याचं मास्टरबॅच मागवा. नाहीतर निम्म्या ताकदीचं घेऊन ४ टक्के टाका. दाण्यांची संख्या दुप्पट होते. किलोमागे खर्च वाढतो, पण परत आलेल्या एका लॉटपेक्षा तो कमी. बॅक प्रेशर थोडं वाढवून मिक्सिंग सुधारतं, मात्र वर सांगितलेला डोसिंगच्या वेळेचा हिशेब मग पुन्हा करावा लागतो. आणि मास्टरबॅचचा वितळप्रवाह मूळ दाण्यापेक्षा थोडा जास्त असावा; घट्ट मास्टरबॅच पातळ रेझीनमध्ये गोळीसारखं तरंगत राहतं.

रिग्राइंड किती टक्के घालावं? आणि त्यावरही मास्टरबॅच टाकायचं का?

किती, हे मालावर ठरतं. साध्या मोल्डिंगमध्ये २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्वच्छ, स्वतःच्याच रनरचं रिग्राइंड बहुतेक ठिकाणी खपतं. आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर ठेवणं जास्त महत्त्वाचं. सोमवारी शून्य आणि शनिवारी साठलेलं सगळं एकदम, असं केलं की प्रवाह बदलतो, आकुंचन बदलतं, आणि झाकण बाटलीवर बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. रिग्राइंडमध्ये रंग आधीच आहे. मास्टरबॅच फक्त व्हर्जिन (नव्या, न वापरलेल्या) दाण्यावर मोजा. १०० किलोत २० किलो रिग्राइंड असेल तर ८० किलोवर २ टक्के, म्हणजे १.६ किलो. एकूण १०० वर २ किलो टाकत राहिलात तर प्रत्येक फेरीत जुन्या रंगावर नवा चढतो आणि हळूहळू माल २.५ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो. २ ऐवजी अडीच! ग्राहकाने मंजूर केलेला नमुना पहिल्या दिवसाचा असतो, तक्रार पंधरवड्याने येते, आणि तोवर कोणाला काही आठवत नसतं. टनामागे ४ किलो मास्टरबॅच जास्त जातं ते वेगळंच. बॅच ब्लेंडरमध्ये ‘व्हर्जिनवर टक्के’ अशी सेटिंग बहुधा असतेच. ती चालू आहे का ते आजच बघा.

बाहेरचं रिग्राइंड घेताना आणखी एक. जेटीवरून आलेल्या जुन्या क्रेटांत मीठ, रेती आणि मासळीचा वास असतो. रेती स्क्रू आणि बॅरल खाते, वास कुठल्याही रंगाने झाकला जात नाही. नीट धुऊन वाळवून आलेलं असेल तरच घ्या, आणि हॉपरमध्ये चुंबक ठेवा. पुनर्वापरित माल टाळून मात्र चालणार नाही: २०२२ च्या ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) मार्गदर्शक सूचनांनुसार टणक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं बंधन ब्रँडमालक आणि उत्पादकांवर आहे. तुमचा ग्राहक आज ना उद्या ते तुमच्याकडे मागणारच.

पावसाळा सुरू झाला की चंदेरी रेघा येतात. हॉट एअर ड्रायर तर रात्रभर चालू असतो.

हा खास आपल्या किनारपट्टीचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून दाण्यातून सोडतो. जून ते सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे किलोभर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ. ती हवा ८० अंशांवर तापवली तरी वाफ तेवढीच राहते. नायलॉन, पॉलिकार्बोनेट, पेट (पीईटी, बाटल्यांचं प्लास्टिक) अशा पाणी शोषणाऱ्या दाण्यांना या हवेत पुरेसं कोरडं करणं अवघड; एका मर्यादेनंतर रात्रभर काय, आठवडाभर चालवा, दाणा तिथेच अडतो. डेसिकंटवाल्या (ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या) डिह्युमिडिफाइंग ड्रायरमधली हवा उणे ४० दवबिंदूची असते. तिच्यात किलोमागे एक दशांश ग्रॅमही वाफ नसते.

नेहमीचे आकडे असे. एबीएस ८० अंशांवर दोन ते चार तास. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या आत. नायलॉन-६ ला ८० अंश आणि चार ते सहा तास. पोतं उघडं राहिलेलं असेल तर जास्त. यापेक्षा तापमान वाढवून घाई केली तर नायलॉन पिवळं पडतं. पेट सगळ्यात हट्टी: १६० ते १७० अंश, चार ते सहा तास, आणि ओलावा ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आत. ओलं पेट वितळलं की पाणी त्याच्या साखळ्या तोडतं. बाटली दिसायला ठीक निघते आणि खोक्यातून पडली की फुटते. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएथिलीन पाणी शोषत नाहीत, पण घाटातून भिजत आलेल्या ट्रकमधल्या पोत्यांत दाण्याच्या अंगावर पाणी असू शकतं. त्यांना हॉट एअर पुरतो.

वेळेचा हिशेब हॉपरवरून करा. मशीन तासाला २० किलो खात असेल आणि चार तास हवेत, तर ड्रायरचा हॉपर ८० किलोचा हवा. ५० किलोचा असेल तर दाणा अडीच तासांतच खाली उतरतो, पडद्यावर काहीही सेट केलेलं असो.

ओलावामापक नसेल तर जुनी पद्धत वापरा. हॉट प्लेटवर काचेची पट्टी ठेवा, दाणा वितळेल इतकी तापवा (नायलॉनला २६०-२७० अंश), चार-पाच दाणे ठेवून दुसऱ्या गरम पट्टीने दाबा. पारदर्शक गोल चकत्या झाल्या तर कोरडा. एखाददुसरा बुडबुडा असेल तर ती अडकलेली हवा असू शकते. सगळ्याच चकत्यांत बारीक फेस दिसला तर दाणा ओला. हातमोजे घालून करा.

मास्टरबॅच ड्रायरच्या आधी मिसळायचं की नंतर?

नंतर, आणि गळ्यापाशी. पेटबरोबर १६० अंशांच्या ड्रायरमध्ये पॉलिएथिलीनवर बनवलेलं मास्टरबॅच टाकलं तर तिथेच वितळून गोळा होईल. ते पेटमध्ये चालणारही नाही. पेटला पेटवरचंच मास्टरबॅच लागतं. ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकलं जाणारं मास्टरबॅच कमी प्रमाणात खपून जातं, पण जोडरेषेवर (मोल्डमध्ये मालाचे दोन प्रवाह जुळतात तिथे) आणि पातळ भिंतीत त्याची परीक्षा होते. पाणी शोषणाऱ्या मालाचं मास्टरबॅचही कोरडं लागतं, हे मात्र सर्रास विसरतात.

दाणा कोरडा, डोस बरोबर, तरी पीसवर पाण्याचे डाग?

मोल्डला घाम येतोय. चिलरचं पाणी १० अंशांचं आणि हवेचा दवबिंदू २५ अंशांचा असेल तर मोल्ड उघडल्याबरोबर दव धरणारच. पावसाळ्यात पाणी जरा कोमट ठेवा, सायकल दोन सेकंदांनी वाढली तरी चालेल.

फिल्ममध्ये फिलर टाकला की पावसात भोकं आणि जाळी पडते. फिलर खराब आहे का?

बहुधा ओला आहे. कॅल्शियम कार्बोनेटचं फिलर मास्टरबॅच उघड्या पोत्यात ओलावा धरतं आणि डायपाशी (माल बाहेर पडतो त्या तोंडापाशी) त्याची वाफ होते. पोतं उघडल्यावर तोंड बांधा, आणि टाकण्याआधी ८० अंशांवर दोन-तीन तास तापवा. फिलरचा हिशेबही नीट करा: कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७, पॉलिएथिलीनची ०.९२. त्यामुळे किलोचा भाव उतरला तरी त्याच जाडीची फिल्म वजनाने भारी होते. किलोवर विकणाऱ्याला ते परवडतं. नगावर विकणाऱ्याने आधी कागदावर आकडेमोड करावी.

पीव्हीसी पाइपच्या मिक्सरमध्ये घटक कुठल्या क्रमाने टाकायचे?

प्रत्येक रेसिपीचा आपला क्रम असतो, पण चाल सहसा अशी: रेझीन आणि स्टॅबिलायझर सुरुवातीला, माल तापू लागला की वंगणं आणि इतर सहायक घटक, कॅल्शियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड नंतर. टायटॅनियम खरखरीत असतं. सुरुवातीपासून घातलं तर मिक्सरची पाती आणि भिंत खरवडतं आणि माल राखाडी दिसतो. हाय-स्पीड मिक्सर पात्यांच्या घर्षणानेच तापतो. ११५ ते १२० अंशांना माल खाली कूलरमध्ये सोडा आणि ४५-५० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय पोत्यात भरू नका. गरम भरलेली पोती पावसात आतून घाम धरतात आणि माल गुठळ्या होतो. घाईच्या ऑर्डरीत कूलरचाच वेळ कापला जातो, आणि मग एक्स्ट्रूडरवर (पाइप काढणाऱ्या मशीनवर) अँपिअर का नाचतात म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावतात.

आणखी एक: सोडण्याचं तापमान सेन्सर दाखवतो, आणि सेन्सरच्या टोकावर मालाचा थर चढलेला असला तर तो कमी दाखवतो. दर पाळीला पुसून घ्या.

मास्टरबॅचऐवजी सुकी पावडर वापरली तर स्वस्त पडेल ना?

किलोला पडेल. पण धूळ उडते, शेजारच्या मशीनवरच्या पांढऱ्या मालात जाते, आणि सफाईत अर्धी पाळी जाते. वापरायचीच असेल तर आधी दाण्याला लिक्विड पॅराफिनचा हलका हात द्या, मग पावडर टाकून टंबलरमध्ये फिरवा. १०० किलोला ५० ते १०० ग्रॅम तेल पुरतं. जास्त झालं की दाणा मशीनच्या स्क्रूवर घसरतो आणि माल भरायला वेळ लागतो. काम करणाऱ्याला मास्क द्या. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

पाण्याच्या टाक्या करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. रोटोमोल्डिंगमध्ये (तापवलेल्या फिरत्या साच्यात पावडर वितळवण्याच्या पद्धतीत) माल नुसता वितळतो, स्क्रूसारखा मळला जात नाही. कोरडा मिसळलेला रंग कणांच्या मधल्या भेगांतच राहतो आणि टाकीची भिंत ठिसूळ करतो. तिथे आधीच कंपाउंड (रंगासकट वितळवून एकजीव) करून दळलेली पावडर घ्यावी.

किनाऱ्यावरच्या शॅकसाठी खुर्च्या बनवतो. दोन हंगामांत पांढऱ्या पडून तडकतात.

यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा घटक) कमी पडतोय, किंवा पडतच नाही. पॉलिप्रोपिलीन उन्हात विशेष कच्चं. यूव्ही मास्टरबॅचचा डोस चुकला तर कारखान्यात काहीच कळत नाही. रंगासारखा तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून न दिसणाऱ्या घटकांसाठी डोसरची नोंद जास्त काटेकोर हवी: दिवसाअखेर यूव्हीचं किती पोतं संपलं आणि किती नग निघाले, हा भागाकार रोज करा.

औषधाच्या किंवा खाण्याच्या पॅकिंगला वेगळं काय पाळायचं?

रंगद्रव्यं आयएस ९८३३ या मानकाच्या यादीतली हवीत, आणि तसं पुरवठादाराचं लेखी प्रमाणपत्र लॉट क्रमांकासह हवं. रिग्राइंड ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. आणि डोसरमध्ये कुठला लॉट केव्हा भरला याची नोंद ठेवा, नाहीतर ऑडिटच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आम्ही होड्यांना फायबर करतो. कॅटॅलिस्टचं प्रमाण काय?

हे दाण्यांचं काम नाही, पण डोसिंगच आहे, आणि इथे चूक जिवावर बेतते. पॉलिएस्टर रेझीनला पेरॉक्साइड कॅटॅलिस्ट (पातळ रेझीन घट्ट करणारं रसायन) बहुधा वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम; रेझीनच्या कंपनीच्या कागदावर जे लिहिलं असेल ते अंतिम. मे महिन्याच्या उकाड्यात खालची बाजू धरा, पावसाळी गारव्यात वरची. १ टक्क्याच्या खाली गेलात तर रेझीन वरून घट्ट आणि आतून कच्चं राहतं.

जांभळा कोबाल्ट ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. स्फोट किंवा आग होते. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटॅलिस्ट. दोन्हींची मापं, बाटल्या आणि शेल्फ वेगळी ठेवा. बाटलीच्या झाकणाने मापणं बंद करा, प्लास्टिकची स्वस्त सिरिंज मिळते. कॅटॅलिस्ट डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो: गॉगल घालाच, आणि उडालं तर लगेच भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुऊन थेट डॉक्टर गाठा.

रंग बदलताना ब्लेंडर साफ करायला तास जातो. वेळ कसा वाचवायचा?

कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नका. दाणे आणि धूळ पुन्हा दुसऱ्या हॉपरमध्येच जाऊन बसतात. व्हॅक्यूमने ओढा. आठवड्याचा क्रम फिक्यापासून गडदाकडे लावा. शक्य असेल तर मास्टरबॅचचा हॉपर स्क्रूसकट बदलता येईल असा जोडीला ठेवा. मिक्सरच्या पात्याखाली, झडपेच्या कडेला आणि चुंबकाच्या जाळीत दाणे लपतात. पांढऱ्या झाकणांच्या लॉटमध्ये दुसऱ्या दिवशी निघालेला निळा ठिपका तिथूनच आलेला असतो.

चवथीला चार-पाच दिवस कारखाना बंद असतो. माल हॉपरमध्ये ठेवला तर?

पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन झाकून ठेवलं तर चालतं. नायलॉन, पॉलिकार्बोनेट आणि पेट ठेवू नका. चवथ भर पावसात येते. उघडा दाणा परत ओलावा ओढून घेतो आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस भंगार काढण्यात जातो. शेवटच्या पाळीला ड्रायर रिकामा करून माल आतल्या पिशवीसकट घट्ट बांधा. सुट्टीनंतर सुरू करताना लोडसेलचं शून्य तपासा आणि मगच पहिली बॅच सोडा.

ग्रॅव्हिमेट्रिक ब्लेंडरचे पैसे किती दिवसांत सुटतात?

स्वतःचे आकडे घालून बघा. समजा महिन्याला २० टन माल, मास्टरबॅच २५० रुपये किलो, दाणा १०० रुपये किलो. आज २.४ टक्के जातंय आणि २ पुरेसं आहे, तर महिन्याला ८० किलो वाचतं. विक्रेता लगेच २०,००० रुपये सांगेल. पण त्या ८० किलोंच्या जागी दाणा जाणारच, त्यामुळे खरी बचत १२,००० रुपये. ब्लेंडरच्या किमतीला या बचतीने भागा, म्हणजे किती महिन्यांत पैसे सुटतात ते निघेल. परत आलेले लॉट आणि रंग जुळेपर्यंतचं भंगार यात धरलेलं नाही. ते तुमच्याच रजिस्टरमध्ये मिळेल, अर्थात रजिस्टर असेल तर.

लोडसेल किती वेळा तपासायचा?

महिन्यातून एकदा प्रमाणित वजन ठेवून, आणि ब्लेंडर हलवला, वीज पडून कार्ड बदललं किंवा कोणी त्यावर चढून उभा राहिला तर त्याच दिवशी. याशिवाय आठवड्यातून एकदा बॅच पडल्यावर मिक्सर थांबवून सगळा माल पिशवीत घ्या आणि वेगळ्या काट्यावर तोला. पडद्यावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक दिसला तर आधी वजनाच्या डब्याला काही टेकलंय का ते बघा. बहुतेक वेळा होज किंवा वायर टेकलेली असते. ते नसेल तरच सर्व्हिसवाल्याला फोन करा.